चंद्रभागेपासून कन्हानपर्यंत, पांदणीने

सुट्टीत घरी आलेल्या लेकीने पुण्याहून येताना सायकलही आणली. जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली माउंटन बाइक. अंगणात खोक्यातून काढून जोडली आणि विचारलं, "आई, ही चालवायची कुठे? नागपुरात डोंगर आहे का एक तरी?"

सेमिनरी हिल्सला 'हिल्स' म्हणण्यात आयुष्य घालवलेल्या बाईने यावर काय बोलावं! उत्तर माझ्या धाकट्या भावाने दिलं. "डोंगर कायले पायजे? पांदण आहे ना."

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. गावातून शेतात जाणारी बैलगाडीची वाट म्हणजे पांदण. दोन चाकोऱ्या, मधे गवताचा पट्टा, दोन्ही कडांना बाभळी-बोरीच्या काट्यांचं कुंपण. सरकारी कागदांत तिला 'पाणंद' म्हणतात. काही पांदणींवर आता मुरूम पडलाय, पण पुष्कळशा अजून जशाच्या तशा आहेत. रस्त्यावरची बारीक टायरची सायकल तिथे दहा मिनिटांत हात टेकते. जाड टायरची मात्र तिथेच रमते. नदीखोऱ्यातली सपाट जमीन, त्यामुळे चढ जवळपास नाहीतच. मला बावन्नावं लागलंय, गुडघे कुरकुरतात, तरी भावाने हिशेब मांडून दाखवला: धापेवाड्याची चंद्रभागा, सावनेरची कोलार, खाप्याची कन्हान, पारशिवनीची पेंच. शेवटी या सगळ्या कन्हानलाच मिळतात. आपण एका खोऱ्यातून दुसऱ्यात उतरत जायचं आणि कन्हानच्या पुलावरून घरी यायचं. तीन दिवस, रोज पन्नासेक किलोमीटर.

मी 'हो' म्हटलं त्याला दुसरंही एक कारण होतं. जन्मापासून कन्हान आणि पेंचचं पाणी पितेय. पण गाडीच्या काचेतून दिसलेली सोडली, तर या नद्या मी धड पाहिलेल्याच नव्हत्या.

डिसेंबरचा पहिला आठवडा ठरवला. त्याआधी काळी माती नीट वाळलेली नसते, आणि फेब्रुवारीनंतर नागपूरच्या उन्हाबद्दल मी सांगायला नको. माझ्यासाठी सायकल भाड्याने आणली. दुकानदाराने "एकदम टकाटक" म्हणून दिलेल्या त्या सायकलचा मागचा ब्रेक तीन दिवस मांजर तुडवल्यासारखा ओरडत होता. तेवढं एक सोडलं तर तिची तक्रार नाही.

पहिला दिवस: नागपूर ते सावनेर

पहाटे सहाला काटोल नाका सोडला. हातमोजे असून बोटं बधिर झाली होती. फेटरी मागे टाकून कळमेश्वरपर्यंत डांबरी रस्ता, शेजारून धडधडत जाणारे ट्रक. हा टप्पा उरकायचा असतो, वर्णायचा नसतो. कळमेश्वरला तर्री-पोहे खाल्ले. लेकीने पुण्याच्या सवयीने पोह्यांवर शेव मागितली. टपरीवाल्या काकाजींनी शेव दिली, पण आधी तिच्या प्लेटमध्ये लालभडक तर्रीचा पळीभर ओघळ सोडूनच.

गावाबाहेर पडल्यावर मामांनी (लेकीचे मामा, म्हणून तीन दिवस मीही त्याला मामाच म्हणत होते) सगळ्यांना थांबवून चाकांतली हवा कमी केली. डांबरावर ५० पीएसआय, पांदणीत ३५. टायर जरा बसका झाला की माती धरून चालतो आणि बसणाऱ्याची हाडंही शाबूत राहतात. पंपाला मीटर होता, तरी मामा अंगठ्याने दाबून मान डोलवायचे.

मग सावनेरकडे जाणारा मोठा रस्ता सोडून डावीकडच्या पांदणीत शिरलो आणि ट्रकचा आवाज कुणी खटका बंद करावा तसा थांबला.

दोन्ही बाजूंना डोक्याएवढी तूर, शेंगांनी वाकलेली. तिच्यापलीकडे वेचणीला आलेला कापूस. मधेच हिरव्यागार पट्ट्यासारखी संत्र्याची बाग. चाकोरीतून सायकल चालवायची एक रीत आहे, ती मी पडून शिकले. मराठीत सगळे उपदेश करतात की चाकोरी सोडा. पांदणीत उलटं आहे. एकदा डावी चाकोरी धरली की धरली. मधेच उजवी बरी दिसली म्हणून हँडल वळवलं, तर पुढचं चाक काठाला घासतं आणि आपण तुरीत. मी तुरीत गेले. लेकीने आधी फोटो काढला, मग हात दिला.

धापेवाड्याच्या अलीकडे एका बागेच्या कडेला पाइप फुटला होता. जेमतेम दहा-बारा पावलांचा ओला पट्टा. मामा ओरडले, "उतरा, उचलून न्या!" पण लेक त्यातून सायकल दामटत गेली आणि मीही तिच्यामागे. पाचव्या पावलाला चाकं थांबली. टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये माती अशी दाटून बसली की चाक हाताने फिरेना. हा सगळा पश्चिमेचा भाग दख्खनच्या काळ्या दगडावर बसलेला आहे. त्या दगडाची झीज होऊन झालेली ही माती पाणी लागलं की फुगते, चिकटते, आणि वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापूस, तूर आणि संत्र्याला ती सोन्यासारखी. सायकलला मात्र सिमेंट. बोरीची काडी मोडून अर्धा तास खरवडत बसलो. बागेत संत्री तोडणाऱ्या बायका बघत होत्या. त्यांतली एक म्हातारी शेवटी बांधापर्यंत आली.

"कुठून येऊन राहिले जी?"

"नागपूरहून, माय."

"सायकलीनं? काहून बाप्पा, गाडी बिघडली काय?"

गाडी घरी चांगली उभी आहे हे सांगितल्यावर ती काही बोलली नाही, पण लेकीकडे मोठ्या कणवेने पाहिलं आणि ओटीत घालावीत तशी चार संत्री तिच्या हातात घातली. आंब्या बहराची शेवटची तोड चालू होती. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं वगैरे आपण अभिमानाने सांगतो, पण झाडावरून उतरून पाच मिनिटंही न झालेलं, आतून थंडगार संत्रं मी कितीतरी वर्षांनी खाल्लं. बाजारातल्या फळाची साल सुटून आलेली असते. याची साल सोलताना तेल उडून डोळ्यांत गेलं.

धापेवाड्याला चंद्रभागा भेटली. विदर्भाचं पंढरपूर म्हणतात, आषाढात इथे पाय ठेवायला जागा नसते. आम्ही गेलो तेव्हा घाटावर दोन बायका कपडे धूत होत्या आणि एक कुत्रा उन्हात पसरला होता. नदी म्हणजे बारीक ओहोळ. काठावर विठ्ठलाचं देऊळ आणि कोलबा स्वामींच्या नावाने चालत आलेली वारकरी परंपरा. पंढरपुरात भीमेला चंद्रभागा म्हणतात, पण इथल्या नदीचं नावच चंद्रभागा. लेक म्हणाली, "म्हणजे ओरिजिनल ही!" मामांनी लगेच दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या.

तिथून अडासा जवळच. या तीन दिवसांतला एकमेव चढ अडाशाच्या टेकडीचा, तोही गणपतीच्या कृपेने छोटा. विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी हा एक, शमी विघ्नेश. एका दगडातली मूर्ती, माणसाहून कितीतरी मोठी. मी शेवटचा टप्पा सायकल ढकलत नेला. यात कमीपणा मानू नये. ढकलताना आजूबाजूला बघता येतं. वरून सगळं शिवार दिसतं: बागांचे गडद चौकोन, कापसाचे पांढुरके, आणि नुकत्याच पेरलेल्या गहू-हरभऱ्याचे काळे. या काळ्या चौकोनांमध्ये पाणी कुठे सोडलंय ते वरूनच हेरून ठेवलं. सकाळचा धडा ताजा होता.

सावनेरला मामेबहिणीकडे मुक्काम. मार्गशीर्षातले रोडगे, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, तुपात चुरलेले, सोबत वांग्याची भाजी. त्या दिवशी ५२ किलोमीटर झाले होते, तेव्हा तिसरा रोडगा मागताना लाज वाटली नाही.

दुसरा दिवस: सावनेर, खापा, पारशिवनी, रामटेक

बहिणीच्या घरून पूर्वी छोट्या गाडीची शिट्टी ऐकू यायची. नागपूर–छिंदवाडा नॅरोगेज २०१५ ला बंद झाली, आता तिथे ब्रॉडगेज आहे. लहानपणी त्या गाडीतून येताना कोळशाचे कण डोळ्यांत जायचे आणि आई पदराच्या टोकाने काढायची. कोळसा आता वेगळ्या रीतीने डोळ्यांत जातो. सावनेरच्या पोटात खाणी आहेत, आणि गावाबाहेरचा काही भाग ट्रकच्या काळ्या धुळीतून तोंडाला रुमाल बांधून काढावा लागला. कोलार नदी त्या धुळीतच ओलांडली. तिच्यावर याहून जास्त वेळ द्यायला हवा होता.

खाप्याच्या वाटेवर पुन्हा पांदण. खापा कोष्ट्यांचं, विणकरांचं जुनं गाव. एका गल्लीत मागाचा खटखट आवाज आला म्हणून थांबलो, पण दार लोटलेलं होतं. कुणाच्या दारात उभं राहून 'दाखवा ना' म्हणणं मला जमत नाही. पुढे निघालो, आणि गल्ली संपताच कन्हान.

इथे मी सायकल आडवी टाकली आणि खाली बसले. कागदावर पाहिलेल्या निळ्या रेघेचा हा एवढा मोठा पसारा असेल असं वाटलं नव्हतं. नदीच्या रुंदीत पाणी थोडं, रेती फार. पिवळसर, जाड, पायाखाली करकरणारी रेती. नागपुरात ज्या घरात तुम्ही हे वाचत असाल, त्याच्या भिंतीत बहुधा ती आहेच. पाण्याच्या कडेने काही माणसं रेतीत ओळीने खड्डे घेत होती. डांगरवाडीची तयारी. नदीचं पाणी उतरलं की ढीवर लोक पात्रातच टरबूज, काकडी लावतात. खड्ड्यात शेणखत, वर रेती, आणि मुळांना खालून नदीचाच ओलावा. पहिला पाऊस पडला की वाडी नदीला परत.

"घरची वाडी आहे का?" मामांनी विचारलं.

"नदीची हाये," तो माणूस म्हणाला. "आमी चार मयने वापरतो."

लेकीला रेतीत सायकल चालवून पाहायची होती. जाड टायर असला तरी कोरड्या रेतीत तो नांगरासारखा रुततो. पाण्याच्या कडेला रेती ओली आणि घट्ट असते, तिथे मात्र सायकल सुरेख चालली. मीही चालवली. पाण्यालगत शंभरेक मीटर, वळून परत. इतक्या वर्षांत नदीकाठी एवढी हसले नसेन. वरच्या अंगाला टिप्परांच्या चाकांचे खोल चर दिसत होते. तिकडे गेलो नाही.

कन्हान ओलांडून पारशिवनीकडे वळलो की पायाखालचा रंग बदलू लागतो. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं, चाकाने सांगितलं. काल सायकल गादीवरून चालल्यासारखी चालत होती, आज हँडल थरथरू लागलं. काळी माती विरळ झाली, तांबूस, खडेमिश्रित जमीन आली. नागपूर जिल्हा असा मधोमध दुभंगलेला आहे. पश्चिमेला काळा दख्खनी दगड, पूर्वेला त्याहून कितीतरी जुने खडक. म्हणून तिकडे कापूस-संत्री आणि इकडे धान. खाप्याजवळच्या गुमगावपासून मनसरपर्यंतच्या मॅंगनीजच्या खाणीही या जुन्या खडकांतल्याच. वाटेत लेकीने एक काळाकभिन्न दगड उचलला, हातात घेताच म्हणाली, "बाप रे, किती जड!" तो तिने सॅकमध्ये टाकला. संध्याकाळी मीच तो गुपचूप काढून ठेवला.

या जमिनीवर चिखलाची भीती कमी, पण सराटे फार. तीन टोकं खाली आणि चौथं आकाशाकडे. कसाही पडला तरी सराटा टोचणारच. पारशिवनीच्या अलीकडे एका उंबराखाली मोजले: माझ्या पुढच्या चाकात अकरा, मागच्यात सात. लेकीच्या ट्यूबमध्ये सीलंट होतं. काटा काढला की पांढरा थेंब बाहेर येई आणि भोक आपोआप बंद होई. माझ्या भाड्याच्या सायकलीत नुसती हवा होती, ती गेली. इथे एक गोष्ट शिकून घ्या: काटा दिसला म्हणून लगेच उपटू नका. कधी कधी तोच बूच असतो. आधी सावली शोधा, ट्यूब बाहेर काढण्याची तयारी करा, मग उपटा. आम्ही दोन पंक्चर काढले आणि मामांनी पंप मारताना त्यांच्या कॉलेजच्या व्यायामशाळेच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या.

दुपारी घोगरा महादेव. पेंच इथे खडकांतून वाट काढते. रांजणासारखे गोल खळगे, त्यांत फिरणारं हिरवं पाणी. वर नवेगाव खैरीच्या धरणात पेंच अडवली आहे, तिथून कालव्यांनी एकीकडे शेतांना आणि दुसरीकडे आमच्या नळांना पाणी जातं. कोराडी आणि खापरखेड्याची वीजकेंद्रंही याच पाण्यावर. खडकावर पालथी पडून मी हाताने पाणी घेतलं आणि प्यायले. पिऊ नये, मला माहीत आहे. चव घरच्या नळासारखी अजिबात नव्हती.

मामांना मात्र चैन नव्हती. सारखं घड्याळ. उत्तरेला पेंचचं व्याघ्रक्षेत्र आहे आणि या भागात अंधार पडायच्या आत मोठ्या रस्त्याला लागायचं, हा त्यांचा एकमेव कडक नियम. तो मीही सांगते, विनोद न करता. सायकलला आवाज नसतो, आणि वाकून बसलेला माणूस जनावरासारखा दिसतो.

पेंचचा पूल ओलांडून आमडीला जबलपूरचा महामार्ग लागला. सगळ्या प्रवासातली सर्वांत कठीण पंधरा मिनिटं कुठली, तर मनसरकडे जाताना त्या महामार्गाच्या कडेने चालवलेली. जंगलाच्या भीतीने पळालो आणि इथे ट्रकच्या वाऱ्यानेच सायकल हलत होती. एका ओळीत, दिवे लावून, कुणी काही न बोलता गेलो. रामटेकला पोचलो तेव्हा गडावरचे दिवे लागले होते. लॉजवाल्याने सायकली खोलीत नेऊ दिल्या नाहीत, जिन्याखाली साखळीने बांधल्या. रात्रीतून लेक दोनदा उठून बघून आली.

तिसरा दिवस: रामटेक, नगरधन, कन्हान

गडावर पायी गेलो. पायऱ्यांवर माकडांनी मामांची बिस्किटं नेली. कालिदासाच्या विरही यक्षाची रामगिरी ती हीच, असं नागपूरचे इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी साधार मांडलं होतं. वरून आम्हाला ढग काही दिसला नाही, थंडीचं धुकं मात्र खाली पसरलेलं होतं आणि त्यातून तलावांचे तुकडे चमकत होते. पूर्वेकडचा सगळा भाग तलावांचा.

मग नगरधन. हा पट्टा मी कुणालाही डोळे मिटून सुचवीन. अगदी पहिल्यांदा जाड टायरची सायकल घेतलेल्यालाही, दहा वर्षांच्या मुलालाही. रामटेकहून नगरधन आठ-नऊ किलोमीटर, आणि त्यापुढे कालव्याच्या वाटा. पेंचचा डावा कालवा मौद्याकडे जातो, त्याच्या वितरिका शेतांमधून फिरतात, आणि त्यांच्या कडेने देखभालीसाठी मुरमाची वाट असते. कालवा म्हटल्यावर उतार इतका मंद, की पाण्याला कळतो, पायांना नाही. एका बाजूला वाहतं पाणी, दुसरीकडे धानाच्या बांध्या. कापणी होऊन गेलेली, तणसाचे ढीग, मळणीयंत्राचा धुरळा. सायकल धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चढवायचा मोह होतो, चढवू नये. धुरा शेतकऱ्याने हाताने बांधलेला असतो.

नगरधनचा भुईकोट किल्ला छोटा, नीटनेटका. वाकाटकांचं नंदिवर्धन ते इथलंच. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता नवऱ्यामागे इथून राज्य चालवत होती, आणि अलीकडच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा इथेच सापडली. लेक बुरुजावर बसून बराच वेळ गप्प होती. मला वाटलं इतिहासाचा विचार करतेय. "आई, माझं मागचं चाक बसलंय," ती म्हणाली. सीलंट संपलं होतं.

तारशापर्यंतचा रस्ता बरा, त्यापुढे ऊन, डांबर आणि कंटाळा. एका वितरिकेवर चुकलो, चार किलोमीटर उलटे आलो. वाट विचारली तेव्हा एका मुलाने सांगितलं, "सिद्दे जा, मंग विचारा." तेच केलं.

साडेतीनला कन्हानचा पूल. खाप्याला जिच्या पात्रातून मी सायकल चालवली तीच ही नदी, पण वाटेत बिना संगमाला कोलार आणि पेंच दोन्ही तिला येऊन मिळालेल्या. धापेवाड्याचा तो बारीक ओहोळही यातच कुठेतरी. कठड्याशी थांबलो. मागून एका रिक्षावाल्याने हॉर्न वाजवून ओरडून विचारलं, "काकू, काही पडलं काय पाण्यात?"

कामठी, मग शहर. अधिवेशनासाठी जागोजागी बॅरिकेड्स लावायचं काम चालू होतं. एका पोलिसाने आमच्या चिखलाने माखलेल्या सायकलींकडे पाहून वळसा घालायला सांगितला. घातला.

घरी आल्यावर अंगणात नळी लावून सायकली धुवायला घेतल्या. आधी कालव्याच्या वाटेचा मुरमी धुरळा गेला, नुसत्या पाण्याने. मग पारशिवनीची तांबूस. फ्रेमच्या सांध्यात बसलेली धापेवाड्याची काळी माती मात्र हलेना. लेकीने कुंपणाची काडी मोडून आणली. यजमान दारात उभे राहून म्हणाले, "नळ बंद कर, किती पाणी घालवशील?"

"कन्हानचं आहे," मी म्हटलं, आणि खरवडत राहिले.